भावाचा फेरा : जाळ्यांमधील प्रतिपोषण आणि टिकून राहणारे दोलन

एखाद्या घटनेचा परिणाम फिरून तिच्याच कारणावर होऊ लागला, की त्या व्यवस्थेत प्रतिपोषण आहे असे म्हटले जाते. रूढ भाषेत यालाच फीडबॅक म्हणतात. कारण आणि परिणाम यांची अशी साखळी जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळते, म्हणून तिला वलय हे नाव योग्य ठरते. वलयांनी गुंफलेल्या अनेक व्यवस्था स्वस्थ बसत नाहीत. एखादी राशी वाढते, शिखर गाठते, घसरते, तळ गाठते आणि पुन्हा वाढू लागते; या क्रमाला दोलन म्हणतात आणि बाहेरून कोणी तालात धक्के देत नसतानाही ते चालू राहिले तर त्याला टिकून राहणारे दोलन म्हणतात. पेशीतील जनुके, विजेची मंडले, वाफेच्या इंजिनाचे नियंत्रक आणि शेतमालाचे बाजार या परस्परांपासून अत्यंत दूरच्या क्षेत्रांत हे दोलन आढळते, आणि त्यामागील अटी मात्र सर्वत्र जवळजवळ सारख्याच असतात.

या अटी समजून घेण्यासाठी धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि परिसरातील शेती हे उत्तम उदाहरण आहे. हा भाग पर्जन्यछायेत मोडतो, शेती मुख्यतः पावसावर चालते आणि खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा व ज्वारी अशी पिकांची मांडणी असते. विहिरीला किंवा बोअरला पाणी टिकेल तिथे ऊस उभा राहतो. शेजारचे लातूर हे तूर व सोयाबीनच्या आवकेचे आणि डाळ मिलचे मोठे केंद्र असल्याने तिथला भाव आसपासच्या गावांतील पेरणीचा निर्णय घडवतो, आणि त्या गावांतील पेरणी पुढच्या हंगामात तिथला भाव घडवते. ‘कधी तुपाशी, कधी उपाशी’ ही अवस्था येथे केवळ दैवाची किंवा पावसाची देणगी नाही. तिचा मोठा वाटा या वलयाच्या रचनेतच आहे, हे दाखवणे हा या प्रकरणाचा उद्देश आहे.

वलयाची रचना आणि चिन्हाचा नियम

परस्परांवर परिणाम करणाऱ्या घटकांचा समूह बिंदू आणि बाण यांनी दाखवता येतो. प्रत्येक घटक हा एक बिंदू, आणि एका घटकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम हा त्या दोहोंना जोडणारा बाण; अशा बिंदू व बाणांच्या आकृतीला जाळे म्हणतात. पहिला घटक वाढल्याने दुसरा वाढत असेल तर त्या बाणाला धन चिन्ह, आणि पहिला वाढल्याने दुसरा घटत असेल तर ऋण चिन्ह दिले जाते. तुरीचा भाव वाढला की पुढच्या खरिपात पेरा वाढतो, हा धन बाण. पेरा वाढला की आवक वाढते, हाही धन बाण. आवक वाढली की भाव पडतो, हा मात्र ऋण बाण. भाव, पेरा आणि आवक यांचे हे वलय पूर्ण फिरून येते तेव्हा त्यात ऋण बाण एकच असतो.

वलयातील ऋण बाणांची संख्या विषम असेल तर ते ऋण वलय आणि सम असेल तर धन वलय, असा नियम आहे. ऋण वलय बदलाला विरोध करते, म्हणजे भाव वाढला असता फिरून भाव पाडण्याकडे त्याचा कल असतो. धन वलय झालेल्या बदलालाच आणखी खतपाणी घालते. बेल्जियन जीवशास्त्रज्ञ रेने थॉमस यांनी 1981 मध्ये असे प्रतिपादन केले, की जाळ्यात टिकून राहणारे दोलन निर्माण होण्यासाठी किमान एक ऋण वलय असणे आवश्यक आहे, तर एकाहून अधिक स्थिर अवस्था असण्यासाठी किमान एक धन वलय आवश्यक आहे. या विधानांच्या गणिती सिद्धता पुढील काळात देण्यात आल्या. म्हणजे धन वलय व्यवस्थेला स्मृती देते, आणि ऋण वलय तिला समतोल किंवा ताल देते.

यांपैकी समतोल मिळतो की ताल, हे विलंबावर ठरते. ऋण वलयाचे दुरुस्तीचे काम तत्काळ होत असेल तर व्यवस्था समतोलाकडे परत जाते. पण दुरुस्ती उशिरा पोहोचत असेल, तर ती पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते आणि कालच्या उणिवेवरचा उपाय आजच्या अतिरेकात भर घालतो. वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारे नियंत्रक कधीकधी वेग स्थिर ठेवण्याऐवजी त्याला खालीवर हेलकावे देत, आणि हे का घडते याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये नियंत्रकांवरील आपल्या निबंधात मांडले, तेव्हापासून ऋण प्रतिपोषण व अस्थैर्य यांचे नाते विज्ञानाला परिचित आहे.

तुरीचे एक आवर्तन : 2015 ते 2017

तूर जून-जुलैत पेरली जाते आणि तिचा मुख्य माल डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बाजारात येतो. एकदा मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस साधून पेरणी झाली, की पुढील सहा-आठ महिने शेतकऱ्याला पेरा वाढवता किंवा कमी करता येत नाही, आणि नवा माल आल्यावर जो भाव दिसतो त्यावर कृती करण्याची संधी पुन्हा पुढच्या जूनमध्येच मिळते. पिकाच्या शरीरधर्मात आणि ऋतुचक्रात बसलेला हा विलंब कोणत्याही सरकारी आदेशाने कमी होत नाही.

2014 आणि 2015 या लागोपाठच्या दोन वर्षांत देशात मोसमी पाऊस सरासरीच्या अनुक्रमे 88 आणि 86 टक्के झाला आणि मराठवाड्यात टंचाई याहून तीव्र होती. 2015-16 मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सुमारे 25.6 लाख टनांवर आले, आणि 2015 च्या उत्तरार्धात तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांच्या आसपास पोहोचली. भावाचा हा संदेश 2016 च्या खरिपात पेरणीत उतरला. देशातील तुरीचे क्षेत्र सुमारे 39.6 लाख हेक्टरवरून 53.4 लाख हेक्टरवर गेले, पाऊसही चांगला झाला आणि 2016-17 मध्ये उत्पादन 48.7 लाख टन झाले. एका वर्षात उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये असताना अनेक बाजारांत तूर त्याच्या बरीच खाली विकली गेली. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या, बारदाना अपुरा पडला आणि एप्रिल 2017 मध्ये खरेदीची मुदत संपल्यावरही माल शिल्लक राहिल्याने ती पुन्हा सुरू करावी लागली.

या वाढीचे दोन घटक वेगळे करून पाहणे उपयुक्त ठरते. क्षेत्र सुमारे 35 टक्क्यांनी वाढले, तर हेक्टरी उत्पादन सुमारे 646 किलोवरून 913 किलोवर, म्हणजे 41 टक्क्यांनी वाढले. हेक्टरी उत्पादनातील वाढ मुख्यतः पावसाची आहे, आणि ती वलयाच्या बाहेरून आलेली आहे. क्षेत्रातील वाढ मात्र भावाने घडवलेली, म्हणजे वलयाच्या आतली आहे. दुष्काळाने व्यवस्थेला धक्का दिला आणि वलयाने त्या धक्क्याचे हेलकाव्यात रूपांतर केले. पुढील वर्षांचे आकडे याच दिशेने बोलतात: 2017-18 मध्ये 42.9 लाख टन, 2018-19 मध्ये 33.2, 2019-20 मध्ये 38.9, 2020-21 मध्ये 43.2, 2021-22 मध्ये 42.2 आणि 2022-23 मध्ये पुन्हा सुमारे 33 लाख टन. तळ, शिखर, तळ, शिखर, तळ असा क्रम यात स्पष्ट दिसतो. 2023 आणि 2024 मध्ये भाव क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेले आणि 2025 च्या आरंभी नवी तूर येताच अनेक बाजारांत ते 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली उतरले. इतक्या थोड्या आकड्यांवरून ठरावीक आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला लागणारा काळ, सांगता येत नाही, आणि पावसाचा वाटाही त्यांत मिसळलेला आहे. पण चढ आणि उतार एकमेकांना जन्म देत आहेत, हे मात्र त्यांतून दिसते.

दोलन मरते केव्हा, टिकते केव्हा

विलंब असलेले प्रत्येक ऋण वलय कायमचे हेलकावत राहत नाही. वलयातून एक फेरा पूर्ण झाल्यावर मूळ विचलन किती पटींनी परत येते, या प्रमाणाला वलयाची लब्धी म्हणतात, आणि दोलनाचे भवितव्य तिच्यावर ठरते. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. तुरीचा समतोल भाव क्विंटलला 7,000 रुपये आणि त्या भावाला होणारे उत्पादन 100 भाग आहे असे मानू. भाव समतोलाहून 1,000 रुपयांनी वर गेला तर पुढच्या वर्षी उत्पादन 15 भागांनी वाढते, आणि उत्पादन 15 भागांनी जास्त झाले तर भाव समतोलाच्या 600 रुपये खाली जातो, असे असेल तर लब्धी 0.6 आहे. भावाचे विचलन मग वर्षागणिक 1,000 रुपये वर, 600 खाली, 360 वर, 216 खाली असे आटत जाते आणि काही वर्षांत दोलन विरून जाते. तेच 15 भाग जादा उत्पादन भाव 1,400 रुपयांनी पाडत असेल, तर लब्धी 1.4 होते आणि विचलन 1,000 वर, 1,400 खाली, 1,960 वर असे फुगत जाते.

ही मांडणी शेतमालाच्या बाजाराच्या अभ्यासात जुनी आहे. आर्थर हानाऊ यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील डुकरांच्या भावाचे चक्र अभ्यासले, निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये आकृतीवरून या सिद्धांताला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले आणि मॉर्डेकाय इझिकिएल यांनी 1938 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. आकृतीत भाव आणि उत्पादन यांच्या रेषांमधून फिरणारा मार्ग कोळिष्टकासारखा दिसतो, म्हणून हे नाव. डाळीच्या बाबतीत लब्धी मोठी असण्याची दोन कारणे आहेत: डाळ हा रोजच्या जेवणाचा भाग असल्याने तिचा भाव उतरला म्हणून घरातले वरण दुप्पट होत नाही, आणि म्हणून थोडी जादा आवकही भावाला फार खाली ढकलते, दुसरीकडे तूर, सोयाबीन, उडीद, मूग ही पिके एकाच जमिनीवर एकमेकांची जागा घेऊ शकत असल्याने भावातील फरकाला पेरणीचा प्रतिसाद तीव्र असतो.

लब्धी बरोबर 1 असेल तर दोलन ना वाढते ना घटते, पण इतका नेमका योग निसर्गात किंवा बाजारात येत नाही. मग दोलने दीर्घकाळ टिकतात कशी, याचे पहिले उत्तर मर्यादेत आहे. छोट्या विचलनांना लब्धी 1 पेक्षा जास्त असते, म्हणून समतोलाजवळ व्यवस्था टिकत नाही. पण विचलन मोठे झाले की प्रतिसाद दमतो, कारण शेतकऱ्याकडे जमीन ठरावीक असते, फेरपालट आणि घरची ज्वारी सोडता येत नाही, आणि भाव कितीही पडला तरी पेरा शून्यावर जात नाही. लहान हेलकावा वाढतो, फार मोठा हेलकावा आकसतो, आणि दोन्ही मधल्या एका निश्चित आकाराच्या फेऱ्यावर येऊन स्थिरावतात. गणितात या फेऱ्याला मर्यादाचक्र म्हणतात. सुरुवात कुठूनही झाली तरी व्यवस्था त्याच चक्रावर येते, म्हणून या दोलनाचा आकार धक्क्याच्या आकारावर अवलंबून नसतो.

दुसरे उत्तर रॅग्नर फ्रिश यांनी 1933 मध्ये दिले. लब्धी 1 पेक्षा कमी असली, म्हणजे वलय स्वतःहून हेलकावे शमवणारे असले, तरी बाहेरून अनियमित धक्के येत राहिले तर वलय त्या धक्क्यांना आपल्या तालात बांधते आणि दोलन कधीच पूर्णपणे विरत नाही. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशाला हे उत्तर विशेष लागू पडते, कारण येथे पाऊस दर काही वर्षांनी वलयाला नवा धक्का देतो. पावसाला ताल नसतो. ताल वलयाचा असतो.

टप्पे जितके अधिक, तितके दोलन सोपे

विलंब नेहमी एकाच ठिकाणी नसतो. अनेक लहान टप्प्यांच्या बेरजेतूनही तो तयार होतो, आणि हे सर्वांत स्वच्छपणे दिसते ते सजीवांच्या पेशीत. ब्रायन गुडविन यांनी 1960 च्या दशकात अशा जनुकाचे गणित मांडले, की ज्याच्यापासून संदेशवाहक रेणू, त्यापासून प्रथिन आणि त्यापासून बनणारा पदार्थ अखेर त्याच जनुकाला दाबतो. सर्व टप्पे सारख्या गतीचे असलेल्या अशा ऋण वलयाबद्दल एक सुंदर निष्कर्ष मिळतो: दोनच टप्पे असतील तर टिकून राहणारे दोलन कधीच होत नाही, तीन टप्पे असतील तर वलयाची एकूण लब्धी 8 पेक्षा जास्त लागते, चार टप्प्यांना 4 पुरते, आणि पाच टप्प्यांना 3 पेक्षाही थोडी कमी चालते. टप्पे वाढतात तशी दोलनासाठी लागणारी तीव्रता कमी होते.

मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी 2000 मध्ये हे तत्त्व प्रत्यक्ष घडवून दाखवले. ई. कोलाय या जिवाणूत त्यांनी तीन जनुकांचे असे कृत्रिम जाळे बसवले, की पहिले जनुक दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला दाबत राहील. तीन ऋण बाण म्हणजे विषम संख्या, म्हणजे ऋण वलय. हिरव्या प्रकाशाने चमकणाऱ्या प्रथिनामुळे हे दोलन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. एका फेऱ्याला साधारण अडीच तास लागत होते, आणि हा काळ जिवाणूच्या विभाजनाला लागणाऱ्या काळापेक्षा मोठा असल्याने चक्र एका पिढीतून पुढच्या पिढीत चालत जात होते. निसर्गाने हीच युक्ती कितीतरी आधी वापरली आहे. फळमाशीतील पीरिअड या जनुकापासून बनणारे प्रथिन रात्री साठत जाते, पेशीकेंद्रात शिरून आपल्याच जनुकाला थोपवते आणि मग हळूहळू नष्ट होते. या वलयातील काही तासांचा विलंबच दिवसाच्या 24 तासांच्या लयीचा आधार आहे. या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच नियम शेतातून ताटापर्यंतच्या साखळीलाही लागू होतो. तूर शेतकऱ्याकडून आडत्याकडे, तिथून डाळ मिलकडे, पुढे ठोक व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि अखेर ग्राहक अशी जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही साठा व काही दिवसांची दिरंगाई असते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस कारखाना ते दुकान या साखळीचा अभ्यास करून दाखवले, की ग्राहकाच्या मागणीतील छोटा बदल एकेक टप्पा मागे सरकताना मोठा होत जातो, कारण प्रत्येक जण स्वतःचा साठा सावरण्यासाठी गरजेपेक्षा थोडी जास्त दुरुस्ती करतो. साखळीच्या अगदी मागच्या टोकाला असलेल्या उत्पादकाला म्हणूनच सर्वांत मोठा हेलकावा सोसावा लागतो.

एकमेकांत गुंतलेली वलये

प्रत्यक्ष बाजारात भाव, पेरा आणि आवक यांचे वलय एकटे नसते. भाव वाढू लागला की आणखी वाढेल या अपेक्षेने व्यापारी माल रोखतो, ज्याला शक्य असेल तो शेतकरीही तूर घरात ठेवतो, आणि त्यामुळे आवक आटून भाव आणखी वाढतो. हे धन वलय आहे. भाव उतरू लागला की हेच वलय उलट्या दिशेने चालते आणि साठे एकदम बाहेर येतात. संथ ऋण वलयावर जलद धन वलय स्वार झाले, की दोलनाचा आकारच बदलतो: बराच काळ परिस्थिती एका टोकाला रेंगाळते आणि मग अचानक दुसऱ्या टोकाला पलटी खाते. डच अभियंते बाल्थासार व्हॅन डेर पोल यांनी 1926 मध्ये विद्युत मंडलांतील अशा दोलनाचे वर्णन केले होते.

तिसरे वलय शासनाच्या निर्णयांचे आहे, आणि त्यातही विलंब आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये साठ्यावर मर्यादा आल्या. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा करार झाला, तेव्हा देशातील शेतकरी वाढीव पेरणी करत होता. अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने सप्टेंबर 2016 मध्ये डाळींविषयीचा अहवाल दिला, तेव्हा पीक शेतात उभे होते. आयातीवर 10 टक्के शुल्क लागले ते मार्च 2017 मध्ये, आयातीची वार्षिक मर्यादा ऑगस्ट 2017 मध्ये ठरली आणि तूर निर्यातीवरची बंदी सप्टेंबर 2017 मध्ये उठली. तोवर बहुतेक शेतकऱ्यांची तूर पडत्या भावात विकली गेली होती. प्रत्येक निर्णय त्या क्षणीच्या परिस्थितीला धरून होता, पण टंचाईवरचा उपाय सुकाळात आणि सुकाळावरचा उपाय तो ओसरताना पोहोचला. दोलन शमवण्यासाठी जोडलेले वलय स्वतःच्या विलंबामुळे दोलनाला जोर देते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

याशिवाय एक प्रश्न उरतो. लाखो शेतकरी स्वतंत्रपणे निर्णय घेतात, तर एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीने भरून का निघत नाही? याचे उत्तर समकालन या संकल्पनेत आहे. ख्रिस्तियान हॉयगेन्स यांनी 1665 मध्ये पाहिले, की एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकाची घड्याळे काही वेळाने एकमेकांशी ताल जुळवतात, कारण आधारातून सूक्ष्म हालचाल एकीकडून दुसरीकडे जाते. बेंबळीचा शेतकरी आणि विदर्भातील किंवा कलबुर्गीचा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघेही तोच भाव पाहतात, त्याच महिन्यात पेरतात आणि त्याच महिन्यांत विकतात. भाव हा त्यांचा सामाईक आधार आहे. मोबाइलमुळे लातूरचा भाव त्याच दिवशी सर्वत्र पोहोचतो, ही सोय आहेच, पण सर्वांनी एकाच माहितीवर एकाच वेळी एकच कृती करण्याची शक्यताही तिने वाढवली आहे.

ऊस : लांब विलंबाचे वलय

विलंब बदलला की दोलनाचा आवर्तकाल बदलतो. एकच प्रमुख विलंब असलेल्या साध्या ऋण वलयात आवर्तकाल सामान्यतः त्या विलंबाच्या दुप्पट ते चौपट असतो, म्हणून दीर्घ विलंबाच्या पिकाचे चक्रही दीर्घ असते. उसाची सुरू लागण सुमारे 12 महिन्यांनी, पूर्वहंगामी लागण त्याहून उशिरा आणि आडसाली लागण 16 ते 18 महिन्यांनी तोडीला येते. त्यानंतर खोडवा, आणि काही ठिकाणी निडवाही घेतला जातो, त्यामुळे एकदा घेतलेला निर्णय दोन-तीन हंगाम शेतात उभा राहतो. 2006-07 मध्ये देशात सुमारे 283 लाख टन साखर झाली. साखरेचे भाव पडले, उसाची बिले थकली, शेतकरी इतर पिकांकडे वळला आणि 2008-09 मध्ये उत्पादन सुमारे 145 लाख टनांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. 2016-17 मध्ये दुष्काळानंतर 203 लाख टन झालेले उत्पादन पुढच्याच हंगामात 320 लाख टनांच्या पुढे गेले.

उसाच्या वलयात संदेश वेगळ्या मार्गाने फिरतो. उसाचा किमान दर कायद्याने ठरतो. 2009-10 पासून त्याला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी म्हणतात, आणि ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. दर ठरलेला असल्याने साखरेच्या सुकाळाचा परिणाम दरावर न दिसता थकबाकीवर दिसतो, आणि तोच संदेश शेतकऱ्याला लागण कमी करायला सांगतो. एक बाण कायद्याने गोठवला, तरी वलयाने दुसरी वाट काढली; कोणत्याही जाळ्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते. 2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल बनवण्याची वाट मोकळी झाली, आणि जादा ऊस साखरेव्यतिरिक्त दुसरीकडे वळवता येऊ लागल्याने वलयाची लब्धी कमी झाली. डिसेंबर 2023 मध्ये साखरटंचाईच्या भीतीने या वापरावर निर्बंध आले. म्हणजे ही वाट दोन्ही दिशांनी झडपेसारखी वापरली जाते, आणि ती वेळेवर उघडते की उशिरा यावर तिचा उपयोग अवलंबून आहे.

दोलन शमवण्याचे मार्ग

वरील विवेचनावरून उपायांची कसोटी हाती येते. उपायाने विलंब कमी होतो का, लब्धी कमी होते का, समकालन सैल होते का, हे तीन प्रश्न प्रत्येक योजनेला विचारता येतात. पिकाचा विलंब कमी होत नाही, पण माहितीचा होतो: जुलैअखेर देशात तुरीचा पेरा किती झाला हे कळले, तर जानेवारीच्या भावाचा अंदाज पाच-सहा महिने आधी बांधता येतो. पुढील महिन्यांच्या भावाचा अंदाज आज देणे हे वायदेबाजाराचे काम. तुरीचे वायदे मात्र जानेवारी 2007 पासून बंद आहेत आणि सोयाबीन व हरभऱ्याचे 2021 मध्ये थांबवले गेले. वायद्यांत सट्ट्याचा धोका आहे हे खरे, पण ते नसताना पेरणीच्या वेळी शेतकऱ्यासमोर गेल्या हंगामाचाच भाव उरतो, आणि मागे पाहून पुढची पेरणी करणे हेच या दोलनाचे मूळ आहे. आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर होऊन हंगामभर कायम राहिले, तर शासनाच्या वलयाचा विलंबही निरुपद्रवी होतो.

लब्धी कमी करण्याचे साधन म्हणजे साठा. केंद्र सरकारने 2016 मध्ये 20 लाख टनांपर्यंत डाळींचा राखीव साठा उभारण्याचे ठरवले. सुकाळात खरेदी आणि टंचाईत विक्री हा नियम वेळेवर पाळला तर असा साठा हेलकावा शोषून घेतो, आणि उशिरा पाळला तर वाढवतो. गावपातळीवर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना हेच काम करते: शेतकरी माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घेऊ शकतो, आणि काढणीच्या काळातील पडत्या भावात विकण्याची सक्ती टळते. यामुळे विक्रीची वेळ सर्वांची एकच राहत नाही, म्हणजे समकालनही सैल होते. सोयाबीनच्या ओळींत तुरीचे आंतरपीक घेण्याची या भागातील पद्धत दोन्ही पिकांना ठरावीक वाटा देते, आणि भावाच्या मागे धावून संपूर्ण रान एका पिकाखाली घालण्याच्या तीव्रतेला आवर घालते.

तुरीच्या पडत्या भावाचा दोष शेतकऱ्याच्या लोभावर, व्यापाऱ्याच्या साठेबाजीवर किंवा एखाद्या मंत्र्याच्या निर्णयावर टाकणे सोपे असते, पण माणसे बदलली आणि वलय तेच राहिले तर हेलकावाही तोच राहतो. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी शहाणपणाने वागूनही सर्वांचे मिळून नुकसान होऊ शकते, हा जाळ्यांच्या शास्त्राने दिलेला महत्त्वाचा धडा आहे. पेरणीपूर्वी गेल्या हंगामाचा भाव पाहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने, आणि धोरण आखणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानेही, स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा: हाच भाव पाहून आज आणखी किती जण हाच निर्णय घेत आहेत?